स्लाइडच्या तळाशी राहिलेला आकडा

16 जानेवारी 2003. 'कोलंबिया' यान झेपावलं आणि 82व्या सेकंदाच्या सुमारास इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांसमोर धोक्याचा हिशेब मांडला, तोही पॉवरपॉइंटवर.

त्यातली एक स्लाइड एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने नंतर अक्षरशः सोलून काढली. मथळा दिलासा देणारा. खरी गोम तळाशी, बारीक टाइपात: चाचणीतला तुकडा 3 घनइंचांचा, इथला अंदाजे 1920. म्हणजे 640 पट! बुलेटच्या उतरंडीत तो आकडा दिसणार कुणाला? 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. सगळं खापर एका स्लाइडवर फोडणं चूकच. पण चौकशी मंडळाने टफ्टींचं विश्लेषण अहवालात घेतलं आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर ताशेरे ओढले.

टफ्टींचा पॉवरपॉइंटवरचा निबंध ॲमेझॉनमध्येही वाचला गेला. जून 2004मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. त्याजागी सलग गद्यातलं सहा पानी टिपण आलं, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं. (घरून वाचून येतो म्हणणाऱ्यांचा काय भरवसा!)

उद्या ऑफिसात स्लाइड करायला बसाल, तेव्हा सगळ्यात वाईट बातमी मथळ्यातच लिहा.