वैशाखातली दुपार घरातच रंगवा!

मंडळी, वडनेर भोलजीत वैशाखात बारानंतर बाहेर पाय टाकवत नाही. मग घरातच रमा.

वाकळ : जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरा. कडेपासून आत धावदोरा घालत जा. टाके जवळजवळ पडले की वाकळ वर्षानुवर्षं टिकते.

पुस्तक : उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०). आपली वऱ्हाडी बोली कादंबरीत किती ताकदीनं येते, वाचाच!

गाणी : गदिमा-बाबूजींचं 'गीतरामायण'. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. एकूण ५६ गीतं.

सिनेमा : 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६). व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आजी-आजोबांसोबत बघा.

तुमच्याकडं दुपारी काय चालतं, नक्की सांगा!