खडूचा कारखाना, लाल वजन आणि वाळूचे घड्याळ

कावासाकी, जपान



इथे दिव्यांगांची नोकरी मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. ४० किंवा अधिक कामगारांच्या कंपनीला एप्रिल २०२४ पासून अडीच टक्के दिव्यांग घ्यावेच लागतात. जुलै २०२६ पासूनचा आकडा २.७ टक्के ठरला. कामगार शंभरावर असतील, तर कमी पडलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५० हजार येन भरायचे. त्या पैशातून जास्त भरती करणाऱ्यांना रक्कम मिळते. कागदी घोडे इथेही नाचतात. २०१८ साली उघड झाले, की केंद्रीय मंत्रालयांनीच तीन हजारांहून अधिक नावे नीट न तपासता दिव्यांगांत मोजली होती! काही मोठ्या कंपन्या तर वेगळी उपकंपनी काढून तिथेच दिव्यांगांना बसवतात. कायद्याला ते चालते, मला खटकते.

पण या गावातला निहोन रिकागाकू हा खडूचा कारखाना निराळा. १९५९ साली विशेष शाळेचे एक शिक्षक आपल्या मुलांना काम द्या म्हणून गळ घालायला आले, दोनदा नकार पचवून तिसऱ्यांदा. शेवटी त्यांच्या शाळेतल्या दोन मुलींना दोन आठवडे कामाला येऊ दिले. त्या इतक्या मन लावून राबल्या, की त्यांना ठेवून घ्या म्हणून बाकीचे कामगारच मालकांच्या मुलाच्या, यासुहिरो ओयामांच्या, मागे लागले. आज तिथले सुमारे सत्तर टक्के कामगार बौद्धिक दिव्यांग आहेत.

ज्याला आकडे उमजत नाहीत तो भुकटी तोलणार कशी? लाल डब्यातल्या मालाला लाल वजन, निळ्याला निळे. काटा मधोमध आला, की माप बरोबर. मिश्रण किती वेळ मळायचे ते वाळूचे घड्याळ सांगते. वाळू सरली, की यंत्र बंद. माणूस तोच राहिला, कामाची रीत बदलली.

आपल्या भारतातल्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे, सरकारी नोकरीत ४ टक्के जागाही राखीव आहेत. खासगीला फक्त प्रोत्साहन. बारामती एमआयडीसीतल्या कारखानदारावर ठरावीक जागा भरण्याची सक्ती नाही. तेव्हा कायद्याची वाट न बघता तिथल्याच जळोचीच्या बाजार आवारातल्या एखाद्या अडत्याने या हंगामात करून बघावे. डाळिंबाची प्रतवारी नजरेच्या अंदाजाने करण्याऐवजी मापाची भोके पाडलेली फळी आणि रंगीत क्रेट ठेवावेत, आणि गावातल्या बौद्धिक दिव्यांग तरुणांपैकी दोघांना मजुरीवर घ्यावे. पूर्ण मजुरीवर, खाऊच्या पैशांवर नव्हे. चाकाच्या खुर्चीवरचे कुणी येणार असेल, तर आधी टेप घेऊन शौचालयाचे दार मोजावे. बरेचदा नोकरी तिथेच अडते.