कोरड्या डोंगराची एक दिवसाची सहल : जीपवाल्याच्या हाती काय उरते?

मिरजेतील आमचे एक स्नेही हळदीचे व्यापारी आहेत. हिवाळ्यात ते कुटुंबासह जैसलमेरला जाऊन आले. परत आल्यावर किल्ला, हवेल्या यांच्याविषयी ते फारसे बोलले नाहीत. बोलले ते तेथील वाळवंटी राष्ट्रीय उद्यानाच्या एका दिवसाच्या सहलीविषयी. व्यापारी माणूस, त्यामुळे त्यांनी माळढोक पाहिला की नाही यापेक्षा पैसा कोठून कोठे गेला हेच अधिक बारकाईने पाहिले होते. ते म्हणाले, "भाई, आम्ही एका माणसाला पैसे दिले आणि त्यावर पाच घरांची चूल पेटली. जीपवाला वेगळा, वाट दाखवणारा वेगळा, उंटवाला वेगळा, दुपारची बाजरीची भाकरी करणारी बाई वेगळी आणि संध्याकाळी सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर गाणारे मांगणियार वेगळे. आपल्याकडे काय आहे?"

हा प्रश्न आम्हाला बोचला. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले ते उद्यान 3162 चौरस किलोमीटरचे. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. वाळू, खुरटे गवत, चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि नशीब असेल तर माळढोक. त्या उजाड मुलखात लंगा आणि मांगणियार या मुसलमान गायक जमातींची कैक घरे पर्यटकांवर पोट भरतात. मग सातारा-सांगलीत आपण मागे का?

आपल्याकडे वाळवंट नाही हे खरे. पण कोरडा मुलूख आहे, आणि तो थोडाथोडका नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने ढग अडवले की पूर्वेकडे उरतो तो वारा. माण, खटाव, आटपाडी, जत येथील माणसांना हे आम्ही सांगायला नको. राष्ट्रीय उद्यान म्हणाल तर सांगली जिल्ह्यात चांदोली आहे. 2004 साली त्याला तो दर्जा मिळाला आणि 2010 पासून ते कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण ते घनदाट, पावसाचे जंगल. कोरड्या मुलखातले जंगल पाहायचे तर पाय सागरेश्वरकडेच वळवावे लागतात.

माणसांनी केलेले जंगल

कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ अवघे 10.87 चौरस किलोमीटर. जैसलमेरच्या उद्यानात अशी जवळजवळ तीनशे मावतील! पण या छोट्या डोंगराची गोष्ट मोठी आहे. एकेकाळी हा डोंगर उघडाबोडका होता. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, आजूबाजूच्या गावांचे हात लागले, वनखाते आले, झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली गेली आणि 1985 साली त्याचे अभयारण्य झाले. राज्यातील मानवनिर्मित अभयारण्य म्हणून त्याचे नाव घेतले जाते. या पट्ट्याला अशा कामाची सवय आहे म्हणा ना. डोंगराच्या खालीच किर्लोस्करवाडी. 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभा केला, ही गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकतो.

आम्ही सागरेश्वरला प्रथम गेलो ते आपल्या सर्वसाधारण पद्धतीने. घरून डबे भरून घेतले, नऊला निघालो, साडेदहाला पोचलो, उन्हात तासभर फिरलो. एक मोर दिसला. झाडाखाली जेवलो आणि "इथे काही नाही" असे म्हणून परतलो. त्या भागात आमचे पैसे खर्च झाले ते दारावरचे प्रवेशशुल्क आणि रस्त्यावरचा चहा. चूक आमचीच होती. पण रविवारी अशीच चूक करणारी चार-पाच कुटुंबे त्या दिवशी आमच्या शेजारीच जेवत होती.

दुसऱ्या खेपेला आम्ही वेगळे ठरवले. मिरजेतील एक तरुण वडापची जीप चालवतो. वडापचा धंदा आता पूर्वीचा राहिलेला नाही, घरोघर दुचाक्या झाल्या. जीपचे हप्ते अजून चालू आहेत. गाडी विकून पुण्याला कंपनीत लागावे की आखातात जावे, या विचारात तो होता. त्यालाच आम्ही म्हटले, "विकण्याआधी एक दिवस आमच्याबरोबर चल. भाडे घे, पण डोळे उघडे ठेव." अभयारण्याजवळच्या एका गावातील ओळखीच्या शेतकऱ्याला वाटाड्या म्हणून सांगून ठेवले होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही तात्याच म्हणू.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. पहाटे पाचला मिरज सोडली. उजाडता उजाडता पोचलो तर तात्या दाराशी घोंगडी पांघरून उभेच होते. गाडी बाहेर ठेवली आणि पायी निघालो. तात्यांची पहिली सूचना अशी : "सायेब, बोलायचं न्हाई. अन् पांढरा सदरा झाकून घ्या."

पुढच्या तीन तासांत जे दिसले ते आधीच्या खेपेलाही तेथेच होते, फक्त आम्हाला वाचता येत नव्हते. वाटेवर खडूसारखी पांढरी विष्ठा पडली होती. तात्या म्हणाले, तरसाची. तरस हाडे चावून खातो, त्या चुन्याने ती पांढरी होते. खैर कोठला, धावडा कोठला, लावलेले झाड कोणते आणि आपसूक आलेले कोणते, हे ते हाताने दाखवत. चितळाला रोज पाणी लागते, म्हणून उन्हाळा लागला की वनखात्याने बांधलेल्या पाणवठ्याच्या आसपास थांबायचे. काळवीट मात्र मोकळ्या गवताळ पट्ट्यात बघायचे. एका ओढ्याच्या काठी त्यांनी आम्हाला अर्धा तास खाली बसवले. जीपवाला कंटाळून मोबाईल काढणार तोच पलीकडून चितळांचा कळप उतरला. मोजून सतरा. तो पोरगा जन्मापासून पन्नास किलोमीटरवर राहतो आणि त्याने मोकळे हरीण पहिल्यांदा पाहिले. त्याने मोबाईल तसाच खिशात ठेवला.

मग कड्यावर गेलो. खाली कृष्णेचे वळण आणि नजर पोचेल तेथवर उसाचा हिरवा गालिचा, आणि आपण उभे आहोत तो डोंगर पिवळा, वाळलेला. कोरडा मुलूख आणि बागायत यांची हद्द इतकी स्पष्ट दिसणारी जागा या दोन जिल्ह्यांत क्वचितच असेल.

तात्यांची तक्रार

कड्यावर बसून तात्यांनी शिवार दाखवले. त्यात त्यांचेही दीड एकर होते. आम्ही म्हटले, भाग्यवान आहात. ते हसले. "माझ्या बापानं ह्या डोंगरावर डोक्यावरनं पाणी आणून झाडं जगिवली. आता रातच्याला हरणं कुंपणाच्या भोकातनं येत्यात आन् हरभरा साफ करत्यात. तुमी बगून जाता, आमी राखण करतो." पंचनामा होतो, सरकारी नुकसानभरपाईही आहे, परंतु त्यासाठी वेळेत अर्ज, कागद, हेलपाटे. आणि रात्र रात्र शेतात जागण्याची भरपाई कोण देणार?

आमच्या मते संपूर्ण धंद्याचे मर्म येथे आहे. ज्याचा हरभरा हरीण खाते त्याच्याच हातात हरणाचे पैसे गेले पाहिजेत. सहल काढणाऱ्याने मिरजेहून किंवा साताऱ्याहून पोपटपंची करणारा गाइड बरोबर आणला तर दोन पैसे वाचतील, पण तात्यांच्या गावाला त्या जीपचे कौतुक राहणार नाही. हरणाचेही नाही. साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क गोळा करणे, राखण करणे, वाहने लावून घेणे ही कामे आजूबाजूच्या गावांच्या समित्या करतात, गावची पोरे तेथे कामाला असतात. 2012 साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेले. गर्दी वाढली, तिचे त्रासही आहेत, पण फुलांची राखण ही गावाची कमाई झाली आहे.

दुपारी बारा ते चार उन्हात जंगलात काही हाती लागत नाही. आमची पहिली सहल याच वेळेत वाया गेली होती. या वेळेला काय दाखवायचे, यावरच सहल यशस्वी की अयशस्वी हे ठरते. सागरेश्वरची जुनी दगडी देवळे तेथे आहेतच, त्यांची बांधणी चालुक्यकालीन सांगतात. देवराष्ट्रे गावात यशवंतराव चव्हाणांचे जन्मघर आहे, 12 मार्च 1913 रोजी ते आपल्या आजोळी तेथे जन्मले. आम्ही जेवण तात्यांच्या घरी घेतले. ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा, ताक. तात्यांच्या मंडळींनी पैसे घ्यायला खूप आढेवेढे घेतले. जीपवाल्याने शेवटी ताटाखाली ठेवले.

नंतर तासगावच्या बाजूला एक बेदाण्याचे शेड पाहिले. वाचकहो, ही गोष्ट आमच्या मनात आली नव्हती, ती त्या जीपवाल्याला सुचली. ज्या कोरड्या हवेने डोंगर उजाड ठेवला त्याच हवेने बेदाणा होतो. द्राक्षे औषधाच्या द्रावणात बुडवून काढतात, शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर पसरतात आणि सुमारे पंधरवड्यात वाऱ्यावर माल तयार होतो. हवेत दमट आली की मालाचा रंग गेला. पुण्या-मुंबईच्या माणसाने बेदाणा दुकानात पाहिलेला असतो, जाळीवर नाही. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे नेमका पाणवठ्यावर जनावर दिसण्याचा. आम्ही स्वतः तीन किलो घेतला! सहल मिरजेत संपत असेल तर सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीत अर्धा तास जरूर ठेवावा. आपल्या शिकलगार मंडळींच्या या कारागिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जैसलमेरला मांगणियार आहेत, तर येथे देशभरच्या गवयांना तंबोरा पुरवणारी घरे आहेत.

आता हिशेब. परतताना आम्ही जीपवाल्याला वहीत सर्व खर्च लिहायला लावला. डिझेल, टायरची झीज, त्याची स्वतःची मजुरी (ही मंडळी नेमकी हीच धरीत नाहीत), तात्यांचे पैसे, जेवण, प्रवेशशुल्क, हप्त्याचा त्या दिवसाचा वाटा. या बेरजेला त्याने गाडीच्या सात जागांनी भागले. आम्ही म्हटले, चारने भाग. सातही जागा भरतील असे रविवार वर्षात किती? चारांत खर्च निघाला तरच पाचवी जागा नफ्याची. चारने भागल्यावर माणशी आकडा वाढला आणि त्याचा चेहरा उतरला. इतके कोण देणार? आमचे उत्तर असे की नुसत्या गाडीला कोणी देणार नाही, पण पहाटेच्या सतरा चितळांना, तात्यांना आणि घरच्या भाकरीला देईल. नाही दिले तर धंदा नाही असे समजावे. तोट्यात दर पाडून गिऱ्हाईक धरण्याची आपली जुनी खोड आहे, तिच्यामुळे वडापही बुडाले.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. त्याच्या जीपची पाटी पांढरी, म्हणजे खासगी. अशा गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि मग गाडीच काय, राहते घरही जाते. पर्यटक परवाना, पिवळी पाटी, प्रवाशांचा विमा याला खर्च आहे आणि तो पहिल्या दिवशीच करावा लागतो. अभयारण्याच्या वेळा आणि शुल्क बदलत असतात, म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्यावे. कुंडलला वनखात्याची प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. गावच्या तरुणांना वाटाड्याचे रीतसर शिक्षण मिळावे यासाठी गावांनीच तेथे खेटे घालावेत.

मिरजेत उतरताना जीपवाल्याने तात्यांचा नंबर पुन्हा एकदा तपासून घेतला. गाडी विकायचा विचार त्याने सोडला असे आम्ही म्हणणार नाही. पिवळ्या पाटीचा खर्च काढून देईन, असे त्याच्या मामूंनी म्हटले आहे, पण एकाच हंगामापुरते. तात्यांचे ठरले आहे : गाडीत चार माणसे असोत की सात, त्यांचे पैसे ठरलेले, सकाळी दाराशी रोख. आणि हरभरा काढणीला येण्याच्या पंधरा दिवसांत ते येणार नाहीत, तेव्हा रात्री राखणीला जावे लागते.