थकबाकीदारांची जाहीर यादी: समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचं फ्रँचायझ टॅक्स बोर्ड वर्षातून दोनदा एक यादी प्रसिद्ध करतं. राज्याचा आयकर सर्वाधिक थकवलेल्या ५०० व्यक्ती आणि कंपन्यांची नावं रकमेसह तिथे कुणालाही वाचता येतात. थकबाकी एक लाख डॉलरच्या वर असेल, तरच नाव येतं. अशा यादीची सुरुवात २००७ मध्ये झाली. यादी आली की बातम्या होतात, आणि काही गैरसमज पुन्हा नव्याने पसरतात.

यादीत नाव म्हणजे करचोर?

नाही. उत्पन्न लपवणं हा गुन्हा आहे. ठरलेला कर न भरणं हे देणं आहे. स्वतः प्रामाणिकपणे विवरणपत्र भरून नंतर धंदा बुडाल्यामुळे पैसे देऊ न शकलेला माणूसही या यादीत येऊ शकतो. यादी फक्त रक्कम सांगते, कारण सांगत नाही. म्हणूनच ती वाचून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणं मला अन्यायाचं वाटतं.

सरकार खाजगी माहिती अचानक चव्हाट्यावर आणतं?

अचानक तर मुळीच नाही. आधी त्या करापोटी मालमत्तेवर सरकारी बोजा नोंदवलेला असतो आणि ही नोंद मुळातच सार्वजनिक असते. शिवाय नाव छापण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना जाते. त्या मुदतीत पैसे भरले किंवा हप्ते ठरवून घेतले, तर नाव छापत नाहीत. विस्कॉन्सिन राज्यात मर्यादा बरीच खाली, पाच हजार डॉलरची आहे. तिथेही अपिलाची मुदत उलटल्यावरच नाव लागतं.

अनेकांना ही यादी आयआरएसची वाटते. पण आयआरएस हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कर खातं आहे आणि ते अशी यादी काढत नाही. हा राज्यांचा मार्ग आहे.

नुसती बदनामी, बाकी काही बिघडत नाही?

कॅलिफोर्नियात बरंच बिघडतं. २०११ मध्ये झालेल्या कायद्यानुसार यादीतल्या व्यक्तीचा वाहन चालवण्याचा परवाना किंवा व्यवसायाचा परवाना निलंबित होऊ शकतो आणि राज्य सरकारची कंत्राटं मिळत नाहीत. ठेकेदारीवर पोट असलेल्याला नाव छापून येण्यापेक्षा हा फटका मोठा.

लाजेने सगळे पैसे भरतात?

इथे सरकारांचाही अंदाज चुकू शकतो. रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया आणि उगो त्रोइआनो या अर्थतज्ज्ञांनी कॅन्सस, केंटकी आणि विस्कॉन्सिनमधल्या ३४ हजारांहून अधिक थकबाकीदारांना पत्रं पाठवून हे तपासलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल या भीतीने अडीच हजार डॉलरपेक्षा कमी देणं असलेले लोक अधिक प्रमाणात पैसे भरतात, मोठ्या थकबाकीदारांवर ठळक परिणाम दिसला नाही. दंड-व्याजाची आठवण मात्र लहानमोठ्या सगळ्यांनाच लागू पडली. म्हणजे लाजेचा चिमटा बसतो तो लहान देणेकऱ्याला, आणि यादी मात्र मोठ्यांची! माझ्या मते मोठ्या थकबाकीसाठी परवाना आणि कंत्राट हीच खरी हत्यारं आहेत.

आपल्याकडे असं काही नाही?

आहे. जीएसटी कायद्याचं कलम १५९ आयुक्तांना सार्वजनिक हितासाठी नावं प्रसिद्ध करण्याचा अधिकार देतं. कंपनी असेल तर संचालकांचीसुद्धा. मात्र दंडाच्या प्रकरणात अपिलाची मुदत संपल्याशिवाय किंवा अपील निकाली निघाल्याशिवाय नाव छापता येत नाही. मालमत्ता करासाठी थकबाकीदाराच्या दारात बँड किंवा ढोल वाजवण्याची पद्धतही आपल्या महापालिकांना नवी नाही.

कॅलिफोर्नियात राहून परतलेल्या किंवा घर बदललेल्या वाचकांनी कर खात्याला नवा पत्ता जरूर कळवावा. सूचनेचं पत्र हाती आलं, तर ते बाजूला ठेवू नका; त्या ३० दिवसांत हप्ते मागून घ्या.