ट्राय बॉल घ्यावा की नाही? गोल्फमधला 'मलिगन' आणि आपल्या धंद्याची वही



मे महिन्यात रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही सड्यावर संध्याकाळी पाच वाजता जाऊन बघा. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि दोन चिरे एकावर एक ठेवून स्टंप तयार झालेले असतात. बॅट एकच, त्यामुळे बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग. पहिल्याच बॉलवर तो आउट होतो आणि लगेच ओरडतो, "ट्राय होता! ट्राय बॉल होता तो!"

बॉलर म्हणतो, "आधी बोलला नाहीस. आउट म्हणजे आउट."

पुढची दहा मिनिटं खेळ बंद, भांडण चालू. हे भांडण तुम्ही-आम्ही सगळ्यांनी केलेलं आहे. आज मला याच भांडणावर बोलायचंय, कारण हेच भांडण आपण धंद्यात रोज स्वतःशी करतो. फरक एवढाच की तिथे "आउट" म्हणणारा बॉलर समोर नसतो.

गोल्फवाल्यांचा ट्राय बॉल

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच बघितलाय. मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला, नवी मुंबईत खारघरला मैदानं आहेत. खेळ समजायला सोपा आहे. छोटा बॉल काठीने मारत मारत लांबच्या खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे. ज्याचे एकूण फटके कमी, तो जिंकला.

आता हौशी गोल्फर सकाळी गाडीतून उतरतो, अंग आखडलेलं असतं, पहिला फटका मारतो आणि बॉल जातो झाडीत. मग तो मित्रांकडे बघून हसतो, खिशातून दुसरा बॉल काढतो आणि पुन्हा मारतो. पहिला फटका कोणी मोजत नाही. या 'पुन्हा मारू दे' फटक्याला गोल्फमध्ये मलिगन म्हणतात. कॅनडातल्या डेव्हिड मलिगन नावाच्या गोल्फरवरून हे नाव पडलं असं सांगतात, पण त्याचे किस्से एकापेक्षा जास्त आहेत.

हौशी खेळाडूने असा फटका घ्यावा का? यावर गोल्फवाल्यांमध्ये कायम दोन पार्ट्या असतात.

एक पार्टी म्हणते, घेऊ दे की! रविवारी चार मित्र मजेसाठी आलेत. नवीन माणसाचा पहिलाच बॉल झाडीत गेला आणि तिथेच त्याचा मूड गेला, तर पुढच्या रविवारी तो येणारच नाही.

दुसरी पार्टी म्हणते, मग स्कोअर कशाला लिहिता? कार्डावर ९० लिहिलेत आणि मारलेत ९७, तर ते ९० कोणाचे? शिवाय प्रत्येक जण दोन-दोनदा मारायला लागला, तर मागे उभ्या असलेल्या लोकांनी किती वेळ थांबायचं?

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. पण या वादात एक गोष्ट दोघेही विसरतात.

नियमात दुसरा चान्स आहेच

गोल्फच्या अधिकृत नियमांत मलिगन नाही. पण दुसरा चान्स आहे! फटका आवडला नाही, बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला, तर खेळाडू जिथून मारला होता तिथूनच पुन्हा मारू शकतो. त्याची किंमत एक दंडाचा फटका. म्हणजे पहिला फटका मोजायचा, एक दंड मोजायचा आणि आता जो मारताय तो तिसरा.

बघा, मलिगनमध्येही हेच होतं. त्याच जागेवरून तोच फटका पुन्हा. फक्त किंमत खोडलेली असते.

अजून एक नियम बघा. बॉल हरवलाय की सापडेल हे नक्की नसेल, तर वेळ वाचवण्यासाठी राखीव म्हणून दुसरा बॉल मारून ठेवता येतो. पण तो मारण्याआधी बोलून दाखवावं लागतं की हा राखीव बॉल आहे. न बोलता मारलात, तर तोच तुमचा खरा बॉल आणि दंडही लागू. मग पहिला बॉल सापडला तरी उपयोग नाही.

म्हणजे आपल्या सड्यावरचा बॉलर आणि गोल्फचं नियमपुस्तक एकच गोष्ट सांगतंय: आधी बोल.

आधी बोलण्याला एवढी किंमत का? विचार करा, आधी "ट्राय" म्हटलं आणि त्या बॉलवर सिक्स बसला, तर तो सिक्सही मोजत नाहीत. नुकसानही गेलं, फायदाही गेला. हा प्रामाणिक ट्राय. पण निकाल बघून ठरवायचं असेल तर काय होतं? सिक्स बसला की "मोजा" आणि दांडी उडाली की "ट्राय होता". असा ट्राय घेणाऱ्याचा स्कोअर नेहमी चांगलाच दिसणार. आणि त्या स्कोअरवर विश्वास ठेवून तो उद्या टुर्नामेंटला उतरला की फसणार.

गोल्फमध्ये हे अगदी शब्दशः होतं. तिथे प्रत्येक खेळाडूचा एक हँडिकॅप असतो, म्हणजे त्याच्या कुवतीचा आकडा. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत तो शेवटच्या २० स्कोअरमधल्या सर्वात चांगल्या ८ वरून काढतात. तुम्ही मलिगन घेऊन खोटे चांगले स्कोअर भरलेत, तर कागदावर तुम्ही भारी खेळाडू ठरता, खऱ्या स्पर्धेत तुम्हाला सवलतीचे फटके कमी मिळतात आणि तुम्ही हरता. आपण आपल्यालाच फसवलेलं असतं.

माझे मलिगन: तीन बॅच अमृत कोकम

आता माझी गोष्ट सांगतो. व्हिडिओत मी ती अर्धीच सांगितली होती.

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी मी एक सीझन अमृत कोकम केलं. रातांब्याच्या साली आणि सालींच्या साधारण दुप्पट साखर, थरावर थर, काही दिवस मुरवायचं आणि गाळून बाटलीत भरायचं. घरी आजी वर्षानुवर्षं करायची, त्यामुळे मला वाटायचं यात काय विशेष!

भांडवल वहिनीने दिलं. तिच्या भिशीचे ३२,००० रुपये. एका बॅचमध्ये ४० बाटल्या, खर्च ३,२०० रुपये. म्हणजे बाटलीला ८० रुपये. मी भाव लावला ११०. बाटलीमागे ३० रुपये नफा, हिशोब पक्का!

पहिल्या बॅचला मी साखर वाचवायला गेलो. पाक फसफसला, झाकणं उडाली. म्हटलं, ही प्रॅक्टिस, वहीत कशाला लिहायची? दुसऱ्या बॅचला साखर बरोबर घातली, पण बाटल्या धुऊन नीट न सुकवताच भरल्या. तीही आंबली. म्हटलं, ही पण प्रॅक्टिस. मग चार बॅच छान झाल्या. त्यानंतर पावसाचे ढग दिसायला लागले, घाई झाली आणि एका बॅचला पुन्हा बाटल्या ओल्याच भरल्या. ती गेली. शेवटच्या तीन चांगल्या झाल्या.

एकूण दहा बॅच. सात चांगल्या, तीन वाया. २८० बाटल्या विकल्या, हातात आले ३०,८०० रुपये.

वहिनीला मोठ्या तोऱ्यात वही दाखवली. वहीत फक्त सात बॅच होत्या. खर्च २२,४००, विक्री ३०,८००, नफा ८,४००. ती वही बघून म्हणाली, "भावोजी, वहीत तर नफा दिसतोय. मग माझे बत्तीस हजार पूर्ण का होत नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. १,२०० रुपये कमी पडत होते आणि माझी मेहनत फुकट गेली होती. बाटलीचा खरा खर्च ८० नव्हताच. ३२,००० भागिले २८०, म्हणजे ११४ रुपयांच्या वर. मी प्रत्येक बाटली तोट्यात विकली आणि प्रत्येक बाटलीमागे खूश झालो.

पण पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. वाया गेलेली तिसरी बॅच दुसरीच्याच चुकीने गेली. दुसरी "प्रॅक्टिस" म्हणून सोडून दिली होती, त्यामुळे ती का बिघडली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चूक खोडली, तिच्याबरोबर धडाही खोडला गेला.

मग ट्राय घ्यायचाच नाही का?

घ्यायचा! बिडाच्या तव्यावरचं पहिलं घावन बहुतेक वेळा चिकटतं. म्हणून आजी घावनं करायचं सोडत नाही. पण ती पहिलं घावन पाहुण्याच्या ताटात वाढत नाही आणि पीठ भिजवतानाच एक मूठ जास्त घेते. आपल्यालाही हेच करायचंय. मी चार नियम सांगतो.

१. आधी बोला. बॅच लावण्याआधीच वहीत लिहा, "ही ट्राय आहे." मग ती कितीही छान झाली तरी विक्रीला न्यायची नाही. घरी प्या, शेजारी द्या, मत विचारा. आणि ट्राय लिहिलं नसेल, तर बिघडलेली बॅच ही खरीच बॅच. तिचा तोटा खरा.

२. ट्राय छोटा ठेवा. मी ४० बाटल्यांचे ट्राय केले. पाच बाटल्यांचा केला असता तर एकाला ४०० रुपये लागले असते. तीन वेळा चुकलो असतो तरी १,२०० गेले असते. माझे गेले ९,६००.

३. किंमत मोजा, पण योग्य खात्यात. सुरुवातीला शिकताना वाया गेलेला माल हा भांडवलाचा भाग आहे. ती शिकण्याची फी. धंदा सुरू करतानाच त्यासाठी रक्कम बाजूला काढा. धंदा बसल्यावर जी नेहमीची नासाडी होते, ती बाटलीच्या भावात धरा. समजा वीस बॅचमध्ये एक जातेच, तर ८० रुपयांची बाटली खरं तर ८४ रुपयांना पडते. चार रुपये छोटे वाटतात, पण हजार बाटल्यांना ते चार हजार होतात.

४. कारण लिहा. एक ओळ पुरे. "साखर कमी." "बाटल्या ओल्या." पुढच्या वेळी बॅच लावण्याआधी ती ओळ वाचा.

आणि एक लक्षात ठेवा, गिऱ्हाईकाच्या हातात गेलेला माल कधीच ट्राय नसतो. तिथे बिघडलं तर पैसे परत द्या किंवा बाटली बदलून द्या, आणि तो दंड आपल्या कार्डावर लिहा.

आणि तो कच्चा लिंबू

आपल्या खेळात अजून एक सोय असते. सगळ्यात लहान पोराला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो आउट झाला तरी आउट नाही. छान सोय आहे, त्यामुळेच लहान मुलं खेळायला शिकतात. पण एक दिवस तोच मुलगा म्हणतो, "मला कच्चा लिंबू नको, मला पण धरा." आउट व्हायची तयारी झाली की तो खरा खेळाडू झाला.

धंद्यातही आपण सुरुवातीला कच्चा लिंबू असतो. घरचे सांभाळून घेतात, ओळखीचे गिऱ्हाईक चालवून घेतात. पहिला सीझन ठीक आहे. पण तिसऱ्या वर्षीही आपण "अजून शिकतोय" म्हणत असू, तर स्वतःला विचारा, मला कधी धरायचं?

म्हणून हौशी गोल्फरला माझं उत्तर असं: रविवारचा खेळ आहे, पहिल्या फटक्याला एक मलिगन घ्या. पण खेळ सुरू होण्याआधी चौघांनी मिळून ठरवा, सगळ्यांना सारखाच द्या, आणि ज्या दिवशी हँडिकॅपसाठी कार्ड भरायचंय किंवा पैज लावलीय, त्या दिवशी घेऊ नका. मोजायचं नसेल तर मजा करा. मोजायचं असेल तर सगळं मोजा.

आणि तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. आजच वहीत दोन नवीन रकाने आखा. एक "ट्राय", दुसरा "का बिघडलं". गेल्या तीन महिन्यांत जे जे फुकट गेलं आणि तुम्ही "जाऊ दे" म्हणालात, ते आठवून त्यात लिहा. वाया गेलेलं पीठ, परत आलेलं पार्सल, चुकीची छापलेली लेबलं, सगळं. मग तुमच्या मालाचा खरा खर्च पुन्हा काढा. आकडा बघून थोडा धक्का बसेल. बसू दे. वहिनीने विचारण्याआधी तो आपल्यालाच कळलेला बरा.

वहिनीचे पैसे मी पुढच्या मे महिन्यात पूर्ण केले. त्या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं: ट्राय, ५ बाटल्या, विक्रीला नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!