पहिली नोकरी – भाग ६ : एकवीस हजारांत पुण्यात भागतं का?

मागच्या भागात बँकांमधल्या कंत्राटी नोकऱ्यांचा हिशेब मांडला होता. आज पाळी आयटी सपोर्टची. बीसीएस, बीसीए, बीएस्सी किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेली बरीच मुलं-मुली या कामाकडे वळतात. कोडिंगमध्ये त्यांचा फारसा जीव रमत नाही, पण बिघडलेलं मशीन समोर आलं की हात शिवशिवतात. घरच्यांचा प्रश्न मात्र एकच असतो : पुण्यात राहून पगारात भागेल का?

उत्तर आधीच देऊन टाकते. एकट्यापुरतं भागतं, तेही काटकसरीनं. घरी पैसे पाठवायचे असतील किंवा डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल, तर पहिल्या वर्षी भागत नाही. तरीही ही वाट मी कुणाला नाकारायला सांगणार नाही, कारण इथला खरा निकाल दीड-दोन वर्षांनी लागतो. तेव्हा तुम्ही कोणतं काम करत असाल, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी पैशांचं बोलू. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या वर्षाला २.५२ लाखांच्या पॅकेजवरून समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ झाला. हा आकडा इंजिनिअरांसाठी नसून तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी आहे, असा खुलासा कंपनीनं केला. सपोर्टमध्ये येणारे पुष्कळ जण याच गटातले, म्हणून हिशेबाला तोच आकडा धरू. बारानं भागलं की महिना २१,००० येतात. पण हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा. तुमच्या खात्यात जमा होणारी रक्कम वेगळी असते.

मूळ वेतन निम्मं, म्हणजे १०,५०० धरा. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,२६०. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ५००, आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) कंपनीचा ३.२५ टक्के हिस्सा सुमारे ६००. हे सगळं त्या २१,००० मध्येच मोजलेलं असतं. उरले साधारण १८,६००. आता तुमच्या बाजूची कपात : पीएफ पुन्हा १,२६०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १४० आणि व्यवसाय कर २००, जो फेब्रुवारीत ३०० होतो. मुलींना इथे थोडी सवलत आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर लागत नाही. हातात पडतात १७,००० रुपये. काही कंपन्या पीएफ जास्त रकमेवर कापतात, तिथे १६,०००. पॅकेजमध्ये ‘व्हेरिएबल’ नावाची रक्कम असेल तर दर महिन्याचा आकडा आणखी खाली येतो. ग्रॅच्युइटी तर नोकरी सोडताना आणि कायद्यानं ठरवलेली सेवा पूर्ण झाली असेल तरच मिळते. म्हणून मुलाखतीत पॅकेज ऐकून मान डोलावू नका. ‘इन हँड किती?’ हे स्पष्ट विचारा. या प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही.

खर्चाची बाजू अशी. वाकड-हिंजवडीच्या बाजूला कॉट बेसिसवर राहायचं तर सहा-सात हजार. दोन वेळच्या मेसचे साडेतीन हजार धरा. चहा-नाश्ता दीड हजार, पीएमपीचा मासिक पास दीड हजार, मोबाइल रिचार्ज तीनशे. इथेच तेरा हजारांच्या वर गेलो. उरलेल्या साडेतीन-चार हजारांत कपडे, औषधपाणी, गावी जायचं एसटीचं तिकीट आणि एखादा सिनेमा बसवायचा. बसतो, पण ओढाताण होते. पहिल्या दोन महिन्यांचं वेगळंच. कॉटचं डिपॉझिट आधी द्यावं लागतं आणि पगार महिना भरल्यावरच येतो. पुण्याला निघताना पंचवीस-तीस हजार हाताशी नसतील तर मुलं सुरुवातीलाच उसनवारीत शिरतात आणि ती फेडण्यात पुढची सहामाही जाते. घरच्यांनी मदत करायचीच असेल तर याच वेळी करावी.

ईएसआयची कपात पाहून पुष्कळ मुलं वैतागतात. माझं मत अगदी उलट आहे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते, आणि दीडेकशे रुपयांत तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना उपचार मिळतात. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत. कार्ड काढून घ्या, आई-वडिलांची नावं त्यात नोंदवा. पगार मर्यादेच्या वर गेला की हे छत्र जातं. त्या वेळी कंपनीच्या गटविम्यात आई-वडील आहेत का, हे बघावं लागतं.

आता कामाकडे. सपोर्टच्या पायऱ्यांना एल-वन, एल-टू, एल-थ्री म्हणतात. एल-वनला फोन, ईमेल किंवा चॅटवर तक्रार येते आणि तिचं तिकीट उघडलं जातं. पासवर्ड विसरला, व्हीपीएन जोडला जात नाही, आउटलुक उघडत नाही, प्रिंटर सापडत नाही. ठरवून दिलेल्या पायऱ्या करून बघायच्या, सुटलं नाही तर तिकीट एल-टूकडे पाठवायचं. किती मिनिटांत उत्तर द्यायचं आणि किती तासांत सोडवायचं, हे एसएलएत, म्हणजे सेवेच्या करारात, बांधलेलं असतं. तिकीट ‘ब्रीच’ झालं की टीम लीड विचारायला येतो. दुसरा प्रकार डेस्कटॉप सपोर्टचा. तिथे माणूस स्वतः जागेवर जातो, लॅपटॉप उघडतो, रॅम बदलतो, नव्या कर्मचाऱ्याचं मशीन तयार करून देतो.

पासवर्ड बदलण्यासारखी कामं आता लोक स्वतःच पोर्टलवर करतात, बाकीची चॅटबॉटकडे जाऊ लागली आहेत. एल-वनच्या जागा त्यामुळे आटणार, हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्तीची फाइल काही तासांत आली, पण सुरूच न होणाऱ्या मशीनपर्यंत ती पोचणार कशी? हजारो ठिकाणी माणसांना मशीनपाशी जावं लागलं. सेफ मोडमध्ये सुरू करायचं, एका फोल्डरमधली एक फाइल काढून टाकायची, पुन्हा चालू करायचं. डिस्कला बिटलॉकर असेल तर त्याची ४८ अंकी की आधी शोधायची. कितीतरी कंपन्यांमध्ये हे काम सपोर्टच्या मुलांनी एकेका मशीनपाशी बसून केलं. सेफ मोड म्हणजे काय, बिटलॉकरची की कुठे साठवलेली असते, मशीन सुरू होताना आधी काय लोड होतं, हे ज्याला समजतं त्याला उद्याही काम आहे. ज्याला फक्त पाठ केलेल्या पायऱ्या येतात, त्याची मला काळजी वाटते.

कारण या नोकरीतला खरा धोका कमी पगारापेक्षा सवयीचा आहे. सहा महिन्यांत एल-वनचं काम हातात बसतं. तिकिटं झरझर बंद होतात, लीड खूश असतो, शिफ्टमधली दोस्ती जमते. पगारवाढ पाच-सात टक्क्यांनी होते, म्हणजे सतरा हजारांवर हजारभर रुपये, जे खोलीच्या भाडेवाढीतच जातात. अशीच चार वर्षं गेली की माणूस चार वर्षांच्या अनुभवाचा दिसतो आणि काम मात्र पहिल्या वर्षाचंच येत असतं. त्याच काळात शेजारच्या खुर्चीवरची मुलगी एल-टूला गेलेली असते. आजचा बाजार पाहता तिथे वर्षाला चार ते सहा लाख मिळू शकतात. क्लाउड, नेटवर्क किंवा सुरक्षेकडे वळलेले त्याहून पुढे जातात.

हा फरक पडतो कसा? आयटिल या पद्धतीत (ती ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेनं १९८० च्या दशकात बांधली) ‘इन्सिडंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ हे वेगळे मानतात. एकाचा प्रिंटर अडला हा इन्सिडंट. दर सोमवारी तिसऱ्या मजल्यावरचे सगळे प्रिंटर का अडतात, हा प्रॉब्लेम. एल-वनचं मोजमाप पहिल्यावर होतं, पण बढतीच्या वेळी नाव आठवतं ते दुसरा ओळखणाऱ्याचं. एकसारखी दहा तिकिटं दिसली की त्यांच्या वेळा, जागा, मशीनचे प्रकार टिपून चार ओळींचा ईमेल वरच्या टीमला पाठवा. त्यातलं इंग्रजी साधं असलं तरी चालतं, माहिती नेमकी हवी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फोनवरच्या इंग्रजीची धास्ती असते. त्यांनी सुरुवातीला चॅट किंवा ईमेलचं डेस्क मागून घ्यावं. लिहिता लिहिता बोलणंही सुधारतं.

आणि घरी सराव करा. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, विंडोज सर्व्हर मायक्रोसॉफ्ट १८० दिवस वापरून पाहायला देतं, सिस्कोचं पॅकेट ट्रेसरही फुकट मिळतं. स्वतःचं छोटं डोमेन उभं करा, त्यात चार खोटे कर्मचारी तयार करा, त्यांना ग्रुप पॉलिसी लावा, मग डीएनएस मुद्दाम बिघडवा आणि दुरुस्त करा. पॉवरशेलच्या चार कमांड रोज लिहा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा हे करून पाहिलेलं जास्त उपयोगी पडतं. सीसीएनएसारखी परीक्षा चांगली आहे, पण तिची फी ३०० डॉलर. ती पगार सुरू झाल्यावर, शक्य तर कंपनीच्या पैशातून द्यावी. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगून पन्नास-साठ हजार मागणाऱ्या क्लासला जमीन गहाण ठेवून पैसे देणारी घरं आहेत, आणि मला याचा फार राग येतो. नोकरी लावण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

प्रत्येकानं पुणंच गाठावं असंही नाही. सांगली, लातूर, अकोला, जळगाव अशा ठिकाणी बँकांच्या शाखा, रुग्णालयं, साखर कारखाने आणि सरकारी कार्यालयांची मशीन एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, सांभाळणाऱ्या कंपन्या फील्ड इंजिनिअर घेतात. पगार बारा-चौदा हजार, वर पेट्रोलचे पैसे. काही जण पगाराऐवजी कॉलमागे पैसे देतात, ते मात्र टाळावं. घरी राहून मिळालेल्या तेरा हजारांतले सात-आठ हजार शिल्लक राहू शकतात, पुण्यातल्या सतरा हजारांत दोनही राहत नाहीत. शिवाय यूपीएस, स्विच, केबल, प्रिंटर, सर्व्हर सगळ्याला हात लागतो. उणीव ही की मोठ्या कंपनीतली शिस्त आणि नवी साधनं तिथे दिसत नाहीत. कर्ज डोक्यावर असेल तर मी वर्षभर हे काम करून, पैसे साठवून मग पुण्याला जायला सांगेन.

ऑफर लेटर हाती आलं की सही करण्याआधी ते घरी बसून वाचा. तुम्ही नेमके कोणाच्या पगारपत्रकावर आहात? गळ्यात मोठ्या कंपनीचं ओळखपत्र असतं आणि पगार तिसरीच एजन्सी देते, हा प्रकार सपोर्टमध्ये सर्रास आहे. तेवढ्यावरून नोकरी नाकारू नका, मात्र करार किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची, ते पाहा. बॉन्ड असेल तर किती रकमेचा? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका. रात्रपाळीचा भत्ता आकड्यात लिहिलेला आहे का, आणि गाडी घरापर्यंत येते की मुख्य रस्त्यापर्यंत? मुलींनी हे आवर्जून विचारावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिला दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची असते.

रुजू झाल्यावर पीएफचा यूएएन क्रमांक मिळेल. उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडून दर महिन्याला पैसे खरोखर जमा होतात का, ते तपासत राहा. पगारातून कापले आणि भरलेच नाहीत असं आढळलं तर आधी एचआरला ईमेल करा, आणि दाद लागली नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर जा. पुढच्या भागात हीच तक्रार कशी लिहायची आणि तिच्यासोबत कोणते कागद जोडायचे, ते पाहू.