कोबीच्या पानातील कोळंबी : कमी कर्बोदकांचा टाको आणि पानाची सुरक्षितता

टाको हा मूळचा मेक्सिकोतील पदार्थ. मक्याच्या पातळ पोळीची घडी करून तीत मासे, मांस किंवा भाज्यांचे सारण भरले जाते. आहारातील कर्बोदके कमी करू इच्छिणारे ग्राहक या पोळीऐवजी कोबीचे पान वापरतात. मक्याच्या १०० ग्रॅम पोळीत सुमारे ४५ ग्रॅम, तर तेवढ्याच कच्च्या कोबीत सुमारे ६ ग्रॅम कर्बोदके असतात. कोळंबीत कर्बोदके नगण्य असून १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. कोकणची कोळंबी आणि नाशिक-पुणे पट्ट्यातील कोबी, असे दोन्ही घटक राज्यातच उपलब्ध आहेत. मात्र भाजीतील कोबी पूर्ण शिजतो. येथे पान जवळजवळ कच्चेच खाल्ले जाते. त्यामुळे शेतातील फवारणीचा प्रश्न थेट ताटापर्यंत पोहोचतो.

शेतातील काळजी

चौकोनी ठिपक्याचा पतंग ही कोबीची प्रमुख कीड होय. अंड्यातून बाहेर पडलेली अळी प्रथम पान पोखरते व नंतर खालच्या बाजूने हरितद्रव्य खरवडते. पानावर पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसतात. डीडीटीविरुद्धची या किडीची प्रतिकारक्षमता १९५३ मध्ये जावा बेटावर नोंदली गेली. १९९० मध्ये हवाई बेटांवरून बीटी या जैविक कीटकनाशकालाही ती दाद देत नसल्याचा अहवाल आला. एकाच कीटकनाशकाच्या वारंवार फवारणीने खर्च व अवशेष वाढतात, कीड मात्र टिकून राहते.

यावर बंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मोहरीचे सापळा पीक सुचविले आहे. कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. पहिली लागवडीपूर्वी १५ दिवस, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीवर अंडी घालण्यास प्राधान्य देतो, त्यामुळे आवश्यक फवारणी त्या ओळींपुरती मर्यादित ठेवता येते. मुख्य पिकावर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. रासायनिक कीटकनाशक अपरिहार्य ठरल्यास कोबीसाठी शिफारस असलेलेच निवडावे, गट आलटून-पालटून वापरावेत आणि लेबलवरील प्रतीक्षा कालावधी संपल्यावरच काढणी करावी.

घरातील कृती

गड्ड्याची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. फवारणीचे द्रावण प्रामुख्याने त्यांवरच पडलेले असते. देठाभोवती खोल काप देऊन आठ पाने अखंड सोडवावीत. ती मिठाच्या पाण्यात १० मिनिटे ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवावीत व उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून निथळावीत. पाने लवचिक होतात. धुण्याने पृष्ठभागावरील अवशेष कमी होतात. पानात शोषले गेलेले आंतरप्रवाही कीटकनाशक मात्र त्याने निघत नाही.

पाव किलो सोललेल्या कोळंबीच्या पाठीतील काळा धागा काढावा. हळद, मीठ, तिखट, वाटलेला लसूण व लिंबाचा रस लावून ती १५ मिनिटे मुरवावी. तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात तीन-चार मिनिटे, आतून पूर्ण पांढरी होईपर्यंत परतावी. नेहमीप्रमाणे रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवू नये. त्याने कर्बोदके पुन्हा वाढतात. पानात कोळंबी, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो व कोथिंबीर भरून लगेच वाढावे.

कच्च्या पानाला मागणी वाढत असताना विस्तार कार्यकर्त्यांनी उत्पादकांना फवारणीची नोंदवही ठेवण्यास प्रवृत्त करावे. शेवटच्या फवारणीची तारीख नोंदलेली असेल, तरच पान खाण्यायोग्य असल्याचे ग्राहकाला खात्रीने सांगता येते.